पाल्काकोचा : दोनदा जन्मलेले सरोवर आणि त्याखालचे शहर

पर्ल हार्बरवरील हल्ल्याला सहा दिवस झाले होते. जगभरातील वृत्तपत्रांचे लक्ष प्रशांत महासागरातील युद्धाकडे लागले होते. त्याच महासागराच्या दुसऱ्या काठाला, पेरू देशातील अँडीज पर्वतात, १३ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी सातच्या सुमारास वारास नावाच्या शहराचा जवळजवळ एक तृतीयांश भाग काही मिनिटांत नाहीसा झाला. शहरापासून वीसेक किलोमीटर वर, ४,५०० मीटरहून अधिक उंचीवर, पाल्काकोचा नावाचे एक सरोवर फुटले होते.

आजचा धागा या सरोवराविषयी आहे. वितळणाऱ्या हिमनद्यांची चर्चा आपल्याकडे बहुधा भविष्यकाळात होते : अमुक साली इतके बर्फ उरेल, तमुक साली इतकी शहरे धोक्यात येतील. पेरूमध्ये मात्र या विषयाला ऐंशी वर्षांहून अधिक काळाचा लिखित इतिहास आहे. त्यात सरकारी कार्यालये आहेत, अभियंत्यांचे अहवाल आहेत, जागा सोडण्यास नकार देणारे नागरिक आहेत आणि अलीकडे एक गाजलेला खटलाही आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा विषय केवळ हवामानशास्त्रज्ञांवर सोडू नये, असे मला वाटते ते यामुळेच.

प्रथम नकाशा. पेरूच्या आन्काश प्रांतात कोर्दियेरा ब्लांका, म्हणजे ‘शुभ्र पर्वतराजी’, सुमारे १८० किलोमीटर पसरली आहे. वास्कारान हे पेरूतील सर्वोच्च शिखर (६,७६८ मीटर) याच रांगेत आहे. जगातील उष्णकटिबंधीय हिमनद्यांपैकी बहुतांश, सुमारे ७० टक्के, एकट्या पेरूत आहेत आणि त्यांचा सर्वांत मोठा समूह या रांगेत आहे. पश्चिमेला समांतर धावणारी दुसरी रांग बर्फहीन, म्हणून तिचे नाव कोर्दियेरा नेग्रा, ‘काळी पर्वतराजी’. दोहोंच्या मधल्या खोऱ्यातून सान्ता नदी वाहते आणि वारास, कार्वास, युंगाय, कारास ही गावे तिच्या काठाने वसलेली आहेत. (नकाशात शोधताना लक्षात ठेवा : स्पॅनिशमध्ये वारासचे लेखन ‘एच’ने सुरू होते, तो ‘एच’ उच्चारत नाहीत.)

नावांकडेही जरा पाहा. इथल्या केचुआ भाषेत ‘कोचा’ म्हणजे सरोवर आणि ‘राहू’ म्हणजे हिमशिखर. पाल्काराहू या शिखराखाली पाल्काकोचा. अर्थात शिखर आणि सरोवर यांचे नाते लोकांनी नावातच नोंदवून ठेवले होते.

असे सरोवर तयार कसे होते? हिमनदी पुढे सरकते तेव्हा ती दगड, वाळू, माती ढकलत आणते आणि आपल्या तोंडाशी व दोन्ही कडांना त्यांचा ढीग रचते. शाळेच्या भूगोलात आपण त्याला ‘हिमोढ’ म्हणून शिकलो. सतराव्या शतकाच्या आसपास, ज्या थंड कालखंडाला इतिहासकार ‘लघु हिमयुग’ म्हणतात त्या काळात, कोर्दियेरा ब्लांकातील हिमनद्या बऱ्याच खाली उतरल्या होत्या आणि त्यांनी शंभर-शंभर मीटर उंचीचे हिमोढ उभे केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बर्फ मागे हटू लागले. हिमोढ जागेवरच राहिला. बर्फाने रिकाम्या केलेल्या खळग्यात, हिमोढाच्या आड, पाणी साठू लागले.

हिमोढ दिसायला धरणासारखा असतो. पण धरणाला पाया असतो, सांडवा असतो, आतली माती दाबून बसवलेली असते. हिमोढ म्हणजे सुटा भराव. वरून हिमकडा कोसळून सरोवरात लाट उठली, ती हिमोढावरून ओसंडली आणि पाण्याने एकदा का खाच पाडायला सुरुवात केली, की खाच रुंदावते, रुंदावल्यावर आणखी पाणी येते आणि सारा साठा थोड्याच वेळात रिकामा होतो. खाली पोहोचतो तो निव्वळ पाण्याचा पूर नसतो. चिखल, झाडे आणि घराएवढे दगड घेऊन येणारा तो लोंढा असतो. पेरूत त्याला ‘आलुवियोन’ असा स्वतंत्र शब्द आहे.

वसाहतकाळातील नोंदींतही असे लोंढे सापडतात. १७०२ मध्ये वारासला पुराचा तडाखा बसला. १७२५ मध्ये युंगायजवळील आन्काश हे गावच हिमप्रपाताखाली गाडले गेले. परंतु विसाव्या शतकात एक गोष्ट नवी होती : सरोवरांची संख्या आणि त्यांचा आकार वाढत होता, आणि त्याच वेळी खालची शहरेही वाढत होती.

ही वाढ पाहणारे कोणीच नव्हते असे नाही. जर्मन-ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबच्या मोहिमा १९३२, १९३६ आणि १९३९ मध्ये या रांगेत आल्या. भूगोलज्ञ हान्स किन्झ्ल यांनी हिमनद्यांची मोजणी केली, नकाशे तयार केले, छायाचित्रे घेतली. १९३९ च्या छायाचित्रात पाल्काकोचा काठोकाठ भरलेले दिसते, समोर अखंड हिमोढ आणि मागे पाण्याला टेकलेली हिमनदी. दोनच वर्षांनी त्या हिमोढाला जे भगदाड पडले ते आजही तसेच आहे. ही दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहिली की पाठ्यपुस्तकातील आकृतीची गरज उरत नाही.

आता त्या सकाळकडे पुन्हा वळू. हिमोढ फुटताच सुमारे एक कोटी घनमीटर पाणी कोहुप नावाच्या अरुंद खोऱ्यातून खाली धावले. वाटेत हिरकाकोचा नावाचे दुसरे सरोवर होते. लोंढ्याने त्याचा काठ फोडला आणि तेही पाणी सोबत घेतले. ४,५०० मीटरवरून निघालेला तो लोंढा ३,०५० मीटरवरील वारासमध्ये शिरला तो नदीचे पात्र सोडून. सर्वाधिक नाश झाला शहराच्या उत्तरेकडील सेन्तेनारियो भागाचा. ही नवी, प्रतिष्ठित वस्ती होती. सुखवस्तू कुटुंबांनी नदीकाठच्या सपाट, मोकळ्या जागेत घरे बांधली होती. ती जागा इतकी सपाट का होती याचे उत्तर भूगर्भात होते : पूर्वीच्या लोंढ्यांनीच आणून टाकलेल्या गाळाचा तो पंखा होता.

मृत किती? पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून ५,००० हा आकडा फिरतो. नंतर स्थानिक कागदपत्रे तपासून केलेल्या अभ्यासात तो सुमारे १,८०० वर आला. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. कमी आकड्याने आपत्ती लहान ठरत नाही. पण गोल आकडा कसा जन्मतो आणि दुसऱ्याचे पाहून तिसरा तो कसा उतरवतो, हे तपासणे आपल्या विद्येचे काम आहे.

सुमारे तीन वर्षांनंतरची घटना इतिहासप्रेमींना अधिक चटका लावणारी आहे. कोर्दियेरा ब्लांकाच्या पूर्व उतारावर चाविन दे वान्तार हे अँडीज संस्कृतीतील एक प्राचीन तीर्थस्थान आहे. इसवी सनापूर्वी सुमारे एक हजार वर्षांच्या आगेमागे बहरलेले हे दगडी मंदिर, त्यातील भुयारी मार्ग आणि कोरीव शिल्पे पेरूचे श्रेष्ठ पुरातत्त्वज्ञ हुलिओ सेसार तेय्यो यांनी १९१९ पासून जगापुढे आणली होती. सापडलेले कोरीव दगड तिथेच एका छोट्या संग्रहालयात ठेवले होते. १७ जानेवारी १९४५ रोजी वरच्या सरोवरांतून सुटलेला लोंढा मंदिरावर आला. उत्खनन केलेले चौक गाळाखाली गेले, संग्रहालय वाहून गेले, तेय्यो यांनी जमवलेले अनेक कोरीव दगड कायमचे हरवले. तो गाळ उपसण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले. जमिनीखाली अडीच हजार वर्षे सुखरूप राहिलेल्या वस्तू बाहेर काढल्यावर तीस वर्षेही टिकल्या नाहीत.

एवढे होऊनही सरकारने कायमस्वरूपी यंत्रणा उभी केली नव्हती. समित्या आल्या, पाहणी झाली, काही सरोवरांवर तात्पुरती कामे झाली. कायमचे कार्यालय स्थापन झाले ते तिसऱ्या मोठ्या घटनेनंतर, आणि ही तिसरी घटना नीट पाहिली पाहिजे. २० ऑक्टोबर १९५० रोजी रांगेच्या उत्तर भागात हानकारुरिश सरोवर फुटले आणि लोस सेद्रोस खोऱ्यातून आलेला लोंढा सान्ता नदीवर बांधल्या जाणाऱ्या कान्योन देल पातो जलविद्युत प्रकल्पावर जाऊन आदळला. कामगार मेले, जवळजवळ पूर्ण होत आलेले बांधकाम उद्ध्वस्त झाले, किनाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग तुटला. या प्रकल्पाच्या विजेवर किनाऱ्यावरील उद्योगांची स्वप्ने बेतलेली होती. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, १९५१ च्या प्रारंभी, मानुएल ओद्रिया यांच्या सरकारने ‘कोर्दियेरा ब्लांका सरोवर नियंत्रण आयोग’ स्थापन केला.

या इतिहासावर पायाभूत संशोधन करणारे मार्क कॅरी यांनी नेमका हाच धागा उलगडून दाखवला आहे. वारासचे नागरिक बुडाले तेव्हा राज्यसंस्था हळहळली, वीज प्रकल्प बुडाला तेव्हा ती हलली. हे वाक्य माझे आहे आणि थोडे कठोर आहे. परंतु तारखा शेजारी मांडल्यावर दुसरे काय म्हणावे?

आयोगाने पहिल्यांदा सरोवरे मोजली, तेव्हा ती दोनशेहून अधिक भरली. मग काम सुरू झाले. पद्धत साधी आणि भयंकर होती. हिमोढात मुद्दाम एक खाच खणायची आणि सरोवराची पातळी हळूहळू उतरवायची. पाणी हवे तितके खाली गेले की खाचेच्या तळाशी पक्की नळवाट बसवायची आणि वर दाबलेल्या मातीचा, दगडांनी मढवलेला बांध घालायचा. म्हणजे मोठी लाट उठली तरी तिला आत सामावून घ्यायला काही मीटर रिकामी उंची राहते आणि पाण्याला झिजवता न येणारी वाट मिळते. भयंकर यासाठी, की सरोवर फुटण्याची जी प्रक्रिया तीच इथे माणसांनी स्वतःच्या हाताने, जरा धीम्या गतीने करायची होती. खाच खणताना वरून हिमकडा कोसळला तर काम करणारेच पहिले बळी. हे सारे साडेचार हजार मीटर उंचीवर, जिथे नवख्या माणसाला चालतानाही धाप लागते. अभियंत्यांची नावे अहवालांत आहेत. कुदळ-फावडे चालवणारे बहुतेक आसपासच्या खेड्यांतील केचुआ भाषक शेतकरी होते.

पुढील काही दशकांत तीसहून अधिक सरोवरांवर अशी कामे झाली. जगात हिमसरोवर आटोक्यात आणण्याचा इतका दीर्घ अनुभव फारच थोड्या देशांकडे आहे आणि नंतर इतरत्र झालेल्या कामांनी त्याचा आधार घेतला. हवामानबदलाच्या संदर्भात श्रीमंत देशांनी गरीब देशांना शिकवायचे असते असा एक सर्वसाधारण समज असतो. इथे चित्र उलटे आहे.

अभियंते वर पाणी उतरवत होते तेव्हा खाली शहरात काय चालले होते? १९४१ नंतर अधिकाऱ्यांनी लोंढ्याने झोडपलेल्या पट्ट्यात पुन्हा बांधकाम होऊ नये असा आग्रह धरला होता. लोक परतले. ओस पडलेल्या गाळाच्या पंख्यावर पुन्हा घरे उभी राहिली.

याला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायकारक ठरेल. लोकांना धोका ठाऊक होता, त्यांनी आपली माणसे तिथेच गमावली होती. मात्र त्यांच्यापुढे इतरही धोके होते. जमिनीची मालकी त्या जागी होती, बाजार तिथे होता. शिवाय शहराच्या मध्यभागी राहणे ही अँडीजमधील समाजात प्रतिष्ठेची खूण होती. वर डोंगरउतारावर राहायचे ते आदिवासी शेतकऱ्यांनी, असा समज रुजलेला होता. उतारावर जा म्हणजे खालच्या पायरीवर जा, असाच सरकारी सूचनेचा अर्थ लावला गेला. आणि राजधानी लिमाहून आलेला अधिकारी आपल्या भल्यासाठी जागा सोडायला सांगतो आहे यावर कोणाचा विश्वास बसावा? त्यात एक विचित्र वळण पुढे आले : सरोवरांवरची कामे जसजशी यशस्वी होऊ लागली, तसतसे ‘आता सरोवर सुरक्षित केले आहे’ हेच खाली राहण्याचे समर्थन बनले.

३१ मे १९७० रोजी ७.९ तीव्रतेच्या भूकंपाने आन्काश हादरले. वारास शहर जवळजवळ पूर्ण कोसळले. वास्कारानच्या उत्तर शिखराचा कडा बर्फासह सुटला आणि युंगाय शहर काही मिनिटांत गाडले गेले. दफनभूमीच्या टेकडीवर धावत चढलेले थोडे लोक वाचले. एकूण बळींची संख्या ७०,००० च्या घरात सांगितली जाते. इथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण अनेक लेखांत गल्लत होते : युंगाय सरोवर फुटून बुडाले नाही. तो थेट खडक आणि बर्फाचा प्रपात होता. सरोवरांबाबत मात्र १९७० हे वर्ष अभियंत्यांच्या बाजूने साक्ष देते. एवढ्या हादऱ्यानंतरही पातळी उतरवलेल्या सरोवरांतून वारासवर १९४१ ची पुनरावृत्ती झाली नाही. वाचलेल्या युंगायकरांना सरकारने दूरच्या जागी हलवू पाहिले, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि गाडल्या गेलेल्या शहराशेजारीच नवे युंगाय वसवले. या लोकांमध्ये राहून मानववंशशास्त्रज्ञ अँथनी ऑलिव्हर-स्मिथ यांनी केलेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. मृतांपासून दूर जायचे नाही, हेही माणसांच्या हिशोबात असते.

आता पाल्काकोचाचा दुसरा जन्म.

१९४१ मध्ये रिकामे झाल्यावर त्या जागी एक डबके उरले होते. १९७४ मध्ये त्याच्या तोंडाशी दोन लहान बांध घालून ते ‘सुरक्षित’ करण्यात आले. तेव्हाच्या मोजणीत साठा होता सुमारे ५ लाख घनमीटर. जुन्या सरोवराच्या मानाने हे नगण्यच, आणि ठरवलेल्या निकषांनुसार काम चोख होते.

पण सरोवराच्या मागची भिंत दगडाची नव्हती, ती बर्फाची होती. हिमनदी मागे हटत राहिली. तिने सोडलेली जागा उथळ उतार नसून बर्फाने शतकानुशतके घासून खोल केलेला खळगा होता. तोंडाशी पातळी तीच, बांध तेच. सरोवर मागच्या बाजूने वाढत होते. २००९ च्या मोजणीत साठा निघाला १ कोटी ७० लाख घनमीटरांहून अधिक आणि सर्वाधिक खोली ७० मीटरांहून जास्त. म्हणजे १९७४ च्या सुमारे चौतीस पट, आणि १९४१ मध्ये फुटलेल्या सरोवराहूनही मोठे.

ही वाढ एका रात्रीत झाली नाही, मग ती इतक्या उशिरा का कळली? हिमनद्यांवर लक्ष ठेवणारे कार्यालय १९५१ पासून एका खात्यातून दुसऱ्याकडे, एका महामंडळातून दुसऱ्याकडे फिरत राहिले आणि खासगीकरणाच्या लाटेत १९९७ मध्ये बंदच झाले. ते पुन्हा सुरू झाले २००१ मध्ये. सरोवर सर्वाधिक वेगाने बदलत असतानाच नोंदवही मिटलेली होती. इतिहासाच्या अभ्यासकाला ही रिकामी पाने सहसा नुसती अडचण वाटतात. इथे ती पुराव्याचाच भाग आहेत.

१९ मार्च २००३ रोजी काठावरील हिमोढाचा एक भाग सरोवरात घसरला. उठलेली लाट बांधांवरून ओसंडली, बांधाचे नुकसान झाले आणि वारासचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. मोठी हानी टळली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या नासा संस्थेने उपग्रहचित्राच्या आधारे वरच्या हिमनदीला भेग दिसत असल्याचा इशारा जाहीर केला. शहरात घबराट पसरली, पर्यटक फिरकेनासे झाले आणि शेवटी तो इशारा चुकीचा निघाला. अशा प्रसंगानंतर पुढचा, खरा इशारा लोक किती गांभीर्याने घेतील?

हाच अविश्वास कार्वासच्या कथेत आणखी तीव्रपणे दिसतो. त्या गावाच्या वर वाल्कान शिखराखाली एक सरोवर आहे. त्याला धड नावही नाही, यादीतील ‘५१३’ हा क्रमांकच त्याचे नाव झाला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पेरूच्या अभियंत्यांनी खडकातून बोगदे काढून त्याची पातळी सुमारे २० मीटरने उतरवली. ११ एप्रिल २०१० रोजी त्यात प्रचंड हिमप्रपात कोसळला, लाट काठ ओलांडून गेली, खाली शेते व पूल उद्ध्वस्त झाले, परंतु एकही मृत्यू झाला नाही. पातळी उतरवलेली नसती तर काय झाले असते हे सांगायला जादूगार लागत नाही. पुढे परदेशी मदतीने तिथे पूर्वसूचना देणारी यंत्रणा बसवली गेली. नोव्हेंबर २०१६ मध्ये, दुष्काळ आणि हिमतुषाराने पिके जळत असताना, डोंगरावरील ती उपकरणेच पाऊस अडवत आहेत अशा समजुतीने गावकऱ्यांनी ती मोडून टाकली.

ही बातमी समाजमाध्यमांवर ‘अंधश्रद्धा’ म्हणून फिरली होती. जरा थांबून पाहू या. आठ वर्षांपूर्वी, २००८ मध्ये, याच रांगेतील पारोन सरोवराच्या दरवाजांचा ताबा कारासच्या लोकांनी घेतला होता. पारोनचा बोगदाही मूळ पुराचा धोका घालवण्यासाठी खोदलेला होता. नंतर त्याच बोगद्यातून पाणी कधी व किती सोडायचे हे वीजनिर्मितीच्या गरजेनुसार ठरू लागले आणि शेतकऱ्यांच्या पाटांना त्याचा फटका बसला. डोंगरावर बाहेरच्यांनी बसवलेले यंत्र आपले पाणी नेते, हा अनुभव त्या खोऱ्यात ताजा होता. पावसाविषयीची समजूत चुकीची होती. यंत्राविषयीचा संशय हवेतून आलेला नव्हता.

वारासच्या वर २०११ मध्ये सायफन बसवण्यात आले : काठावरून टाकलेले लांब प्लास्टिकचे नळ, जे पाणी खेचून बाहेर सोडतात आणि पातळी काही मीटर खाली ठेवतात. उपाय तात्पुरता मानला होता, तो चालूच राहिला. हेच दृश्य आपल्याकडेही आले आहे. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवरावर २०१६ मध्ये असेच नळ टाकले होते. ऑक्टोबर २०२३ च्या एका रात्री काठाचा हिमोढ सरोवरात कोसळला, तीस्ता नदीला लोंढा आला आणि चुंगथांगचे १,२०० मेगावॅट प्रकल्पाचे धरण वाहून गेले. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचे चोराबाडी सरोवर फुटले तेव्हा तर तिथे महाराष्ट्रातील यात्रेकरूही मोठ्या संख्येने होते. या दोन घटनांमध्ये अतिवृष्टी, उतार, बांधकामे यांचे प्रमाण निरनिराळे आहे, त्यामुळे त्या पेरूच्या साच्यात जशाच्या तशा बसवू नयेत. पण लोस सेद्रोस आणि चुंगथांग ही नावे एकापुढे एक वाचली की १९५० आणि २०२३ मधले अंतर बरेच कमी वाटते.

शेवटचा अध्याय जर्मनीत घडला. वारासजवळ राहणारे शेतकरी आणि गिर्यारोहण मार्गदर्शक साऊल लुसियानो यिउया यांनी २०१५ मध्ये एसेनच्या न्यायालयात आरडब्ल्यूई या वीज कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. औद्योगिक युगापासूनच्या जागतिक उत्सर्जनात या कंपनीचा वाटा सुमारे ०.४७ टक्के धरला जातो. तेव्हा वारासच्या संरक्षणाच्या खर्चातला तेवढाच वाटा, म्हणजे सुमारे १७ हजार युरो, कंपनीने द्यावा अशी मागणी होती. रक्कम जाणीवपूर्वक लहान होती. मोठे होते तत्त्व : कारण तिथे आणि परिणाम इथे असला तरी शेजारधर्माचा कायदा लागू होतो का?

एसेनच्या न्यायालयाने २०१६ मध्ये दावा फेटाळला. हामच्या वरिष्ठ न्यायालयाने २०१७ मध्ये अपील ऐकण्याजोगे ठरवले आणि २०२२ मध्ये न्यायाधीश व तज्ज्ञ स्वतः वारासला येऊन गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाने हिमनदीच्या माघारीमागे मानवनिर्मित तापमानवाढ असल्याचे दाखवले, आणि तिचा प्रारंभिक प्रभाव १९४१ च्या पुरामागेही असल्याचे नोंदवले. २८ मे २०२५ रोजी निकाल आला. अपील फेटाळले गेले, कारण पुढील तीस वर्षांत त्या विशिष्ट घरापर्यंत लोंढा पोहोचण्याची शक्यता तज्ज्ञांनी सुमारे १ टक्का मानली आणि तेवढी पुरेशी ठरली नाही. मात्र मोठ्या उत्सर्जकांना असे दायित्व तत्त्वतः लागू होऊ शकते, हेही न्यायालयाने नमूद केले.

न्यायालयापुढे प्रश्न एका घराचा होता. आज वारासची लोकसंख्या एक लाखाहून अधिक आहे आणि त्यातील सुमारे ५० हजार लोक लोंढ्याच्या संभाव्य मार्गात राहतात असा अंदाज वारंवार दिला जातो. सेन्तेनारियो पुन्हा गजबजलेले आहे. वर, १९४१ च्या भगदाडाशेजारी दगडी खोपट्यात राहणारे पहारेकरी दिवसरात्र पाण्याची पातळी पाहतात आणि खाली शहराला कळवतात. हिमप्रपाताचा आवाज आला की त्याचीही नोंद होते. १९९७ मध्ये मिटलेली नोंदवही सध्या तरी उघडी आहे.